काळ म्हणजे काल नव्हे : मराठी ऑडिओबुक करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी ऑडिओबुक तयार करणाऱ्या सर्व संस्था, त्यांचे संपादक आणि आवाज देणारे कलाकार;
तसेच मराठी विज्ञानसाहित्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते प्रकाशक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर संततधार, लाइट गेलेली, आणि आम्ही बापलेक अंधारात एक मराठी विज्ञानकादंबरी ऐकत बसलो होतो. मोबाइल आमच्या दोघांच्या मधे, स्टुलावर. नायक काळाच्या प्रवासाला निघाला आणि आवाजानं सांगितलं, "तो कालात मागे गेला." पुढच्या वाक्यात "कालाचा प्रवाह". अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एका ताऱ्याचं अंतर सांगताना प्रकाशवर्ष म्हणजे किती ते आलं: "नऊ पॉइंट चार सहा गुणिले एक हजार बारा किलोमीटर." अण्णा म्हणाले, "बंद कर गं ते."

अण्णा म्हणजे माझे वडील. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शुगरमुळे डोळ्यांचे पडदे खराब होत गेले आणि छापील अक्षर दिसेनासं होऊन आता पाच वर्षं झाली. त्या अंधारात त्यांनी तोंडी हिशेब मांडला. साडेनऊला हजारानं गुणलं की साडेनऊ हजार किलोमीटर. "एवढ्यात पृथ्वीच्या पोटातून आरपारसुद्धा जाता येत नाही, आणि हा तारा आहे," असं म्हणून ते उठून आत गेले.

पुस्तकात काय छापलं असेल ते मला दिसत होतं. दहा, आणि त्याच्या डोक्यावर बारीक बारा. दहाचा बारावा घात. मजकूर टाइप करताना तो बारा खाली उतरून दहाला चिकटला आणि समोर दिसलं ते वाचलं गेलं. प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरच्या आसपास. वाचणाऱ्याला, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला, नंतर तपासणाऱ्याला, कुणालाच तो आकडा खटकला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक एकाच ठिकाणची असती तर पत्र त्यांनाच पाठवलं असतं. तीन वर्षांत आम्ही वेगवेगळ्या ठिकाणची बरीच मराठी पुस्तकं ऐकली. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं बहुतेक वेळा छान वाचलेली असतात. हात आखडतो तो विज्ञानसाहित्याशीच.

त्या रात्रीचा आवाज माणसाचा होता की यंत्राचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. यंत्राच्या आवाजाला माझा सरसकट विरोध नाही. सरकारी परिपत्रक, पेपरातली बातमी यांना तो चालेल. पण मराठीत 'ळ' आहे. काळप्रवासाच्या गोष्टीत 'काळ'चा 'काल' झाला तर तो नुसता उच्चारदोष राहत नाही, वाक्याचा अर्थच फिरतो. तसंच 'च', 'ज', 'झ' यांचे दोन-दोन उच्चार. जीभ दाताकडे नेऊन 'जरा' म्हटलं की थोडंसं, टाळूला लावून म्हटलं की म्हातारपण. म्हातारपणावर औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट वाचायची असेल तर हा फरक वाचणाऱ्याच्या जिभेवर मुरलेला हवा. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. कुठला उच्चार घ्यायचा ते अर्थ समजल्याशिवाय कळत नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगते कारण पाच वर्षं मी स्वतः मोठ्यानं वाचते आहे. जेवणं झाली की तासभर. दोनशे पानांची कादंबरी साधारण आठ-नऊ रात्रींत होते. बँकेतून दमून आल्यावर रोज घसा चालत नाही, म्हणून आम्ही ऑडिओबुकांकडे वळलो. पण त्या वाचनानं मला जे शिकवलं ते शाळेत, कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

२० मे २०२५ला जयंत नारळीकर गेले. त्या रात्री अण्णांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायला सांगितलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन येतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा म्हणून उरतं बखरीचं एक फाटकं पान. आपल्या जगातल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते, त्या पानावर ती कानाला चाटून जाते. अख्खी कथा त्या तिळाएवढ्या अंतरावर उभी आहे. मी पहिल्यांदा वाचताना तिथून सरळ पुढे निघून गेले. अण्णांनी थांबवलं. "आधीची बखर पुन्हा वाच. आता हे पान वाच. दोन्ही एकाच चालीत वाच." तसं वाचलं आणि बदललेले शब्द कानात काट्यासारखे टोचले. छापील पानावर डोळा आपोआप मागे जातो, दोन मजकूर शेजारी ठेवून पाहतो. कानाला मागे जाता येत नाही. ते काम वाचणाऱ्यानं आपल्या लयीतून करून द्यायचं असतं, आणि ते करायला कथेचा जीव कुठे आहे हे आधी त्याला माहीत असावं लागतं.

आता माझी मतं सांगते, पटोत न पटोत.

विज्ञानकथेत समजावून सांगण्याचा भाग असतो. एखादा शास्त्रज्ञ पत्रकाराला किंवा मित्राला काहीतरी उलगडून सांगतो. समीक्षकांनी त्याला नावं ठेवली, काही वेळा रास्तही. तरी मला तो भाग कानाला सर्वांत आवडतो, कारण तो मुळातच बोललेला असतो. आमच्याकडे ओसरीवर बसून एखादा जाणता माणूस पाऊस का लांबला ते सांगतो, तीच ती रीत. आणि ऑडिओ करताना नेमका हाच भाग कापला जातो! एका कादंबरीतलं सबंध प्रकरण गायब असल्याचं अण्णांनी ओळखलं, त्यांच्या ते पाठ होतं. 'संक्षिप्त' असा शब्द कुठेही लिहिलेला नव्हता. कापणाऱ्याला वाटलं असेल की ऐकणारा कंटाळेल. पण ते प्रकरण काढल्यावर पुढचा चमत्कार नुसताच चमत्कार उरला, जादूच्या गोष्टीतला. विज्ञानकथेचा पाया काढून घेतला की वर राहतं ते भुताखेतांच्या गोष्टीपेक्षा वेगळं नसतं. भुताच्या गोष्टीही मला आवडतात, पण त्या मागितल्यावर.

दुसरं, अभिनय. आमची सांगली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्यामुळे चांगल्या आवाजाची आम्हाला पारख आहे असं मी मोकळेपणानं म्हणते. कथा वाचणं आणि नाटक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परग्रहावरून संदेश आला की आवाज कापरा करायचा, यंत्रमानव बोलला की नाकातून बोलायचं, याची गरज नाही. नारळीकरांच्या 'प्रेषित'ची भाषा पाहा. वेधशाळेतली साधी, कामकाजाची भाषा आहे ती. अद्भुत गोष्ट अशा साध्या सुरात आली की अंगावर काटा येतो. वाचणारा स्वतःच घाबरून दाखवू लागला की ऐकणाऱ्याला घाबरायला जागा उरत नाही.

आणि ते पार्श्वसंगीत! अंतराळ म्हटलं की मागे सतत घुमणारा एक सूर. अण्णा कानाला यंत्र लावतात. त्या घूं-घूं आवाजात त्यांना स आणि श, त आणि थ वेगळे ऐकू येत नाहीत. प्रकरण संपल्यावर चार सेकंद वाजवा, हरकत नाही. बोलण्याखाली मात्र काही ठेवू नका, ही हात जोडून विनंती.

ध्वनी कुठे खरोखर हवा तेही सांगते. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आजोबांना 'प्रोजेक्ट हेल मेरी'चं इंग्रजी ऑडिओबुक ऐकवलं, वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत. त्यातला परग्रहवासी शब्दांत बोलत नाही, सुरांत बोलतो. छापील पुस्तकात तिथे संगीताची चिन्हं आहेत, ऐकताना खरोखरचे सूर येतात. नायकाला सुरुवातीला त्या सुरांचा अर्थ लागत नाही, आपल्यालाही लागत नाही, आणि हळूहळू कान सरावतो. रे पोर्टर यांनी वाचलेल्या त्या पुस्तकाला २०२२ साली अमेरिकेतला, ऑडिओबुकांसाठीचा ऑडी पुरस्कार मिळाला. चार दिवस आमच्या माडीवर तेच चाललं होतं. अण्णा भाच्याला म्हणाले, "हे कानासाठीच लिहिल्यासारखं आहे रे. मराठीत असं कुणी करेल का?" भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते?

ज्या माणसांच्या हाती आज हे काम आहे त्यांना कदाचित वाटत असेल, की विज्ञानकथा हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे, आणि तिथेही थोड्यांचं. तसं नाही. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत पहिल्यांदा आली ती 'केरळकोकिळ' मासिकातून, आणि त्याचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये मूळचे साताऱ्याकडचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आगरकरांचं टेंभू तेच. विज्ञानाच्या गोष्टी छापणारं 'किर्लोस्कर' जन्मलं आमच्या किर्लोस्करवाडीत, १९२० साली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारळीकरांनी ते टोपणनाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. 'कृष्णविवर' हे तिचं नाव, पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या वाटेची दखल घेतली. त्या संमेलनाची आठवण लोक आणीबाणीमुळे काढतात, आणि तेही बरोबरच आहे. अण्णा तेव्हा तरुण होते, सायकलवरून कऱ्हाडला गेले होते. परतल्यावर त्यांनी विज्ञानकथा जमवायला सुरुवात केली.

ती जमवलेली पुस्तकं कुठे गेली, हे सांगितल्याशिवाय प्रकाशकांना मी जे मागणार आहे ते समजणार नाही.

आमचं घर गावभागात, नदीपासून जवळ. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं, म्हातारी गाय आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन बाहेर पडलो. पुस्तकं माळ्यावर होती, तिथवर पाणी येणार नाही असं २००५च्या अनुभवावरून वाटलं होतं. परत आलो तेव्हा माळ्यावर बोटभर गाळ होता. दिवाळी अंकांचे गठ्ठे फुगून विटांसारखे झाले होते. गच्चीवर दोरीवर टाकून जेवढी वाळली तेवढी वाळवली, बाकीची ट्रॉलीत भरून दिली. अण्णांना तेव्हा थोडं दिसत होतं. ते प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, कण्यावरून बोट फिरवून मगच ट्रॉलीत टाकत होते. ऐंशीच्या दशकातली एक कादंबरी बचावली, पण तिची शेवटची अडतीस पानं एकमेकांना चिकटून पुठ्ठा झाली होती. मी सुरीनं सोडवायला गेले तर अक्षरं समोरच्या पानावर निघून आली.

ती कादंबरी पुन्हा छापलेली नाही. सांगलीतल्या वाचनालयातही त्या पुरात पुस्तकांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी ती सापडली साताऱ्याच्या भिलारमध्ये. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं हे गाव ४ मे २०१७पासून पुस्तकांचं गाव झालं आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही जाऊन बसून वाचावं. आम्ही एसटीनं गेलो. एका घराच्या पडवीत, समोर स्ट्रॉबेरीचे वाफे, मी अण्णांना ती अडतीस पानं वाचून दाखवली. घरमालकीण बाई चहा ठेवून गेल्या, परत आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. सहलीला आलेली दोन मुलं येऊन बसली. मधूनच ऐकत असूनही कुणी उठलं नाही. संपल्यावर त्यातल्या धाकट्यानं विचारलं, "मग ते यान परत आलं का?" अण्णांनी त्याला सुरुवातीपासूनची गोष्ट सांगितली, अर्धा तास.

म्हणून प्रकाशकांना सांगते: जी पुस्तकं तुम्ही पुन्हा छापणार नाही, त्यांचे ध्वनिहक्क तरी अडकवून ठेवू नका. हजार प्रती खपणार नाहीत म्हणून छापत नाही, हे समजू शकते. ध्वनिमुद्रणाला गोदाम लागत नाही, आणि ते पुरात भिजत नाही. लेखक हयात नसेल तर वारसांना शोधा, योग्य मानधन द्या, करार करा. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दृष्टिहीनांसाठी ना-नफा तत्त्वावर पुस्तक ध्वनिरूपात आणायची मुभा आहे, आणि त्याच हेतूच्या मराकेश करारावर सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारत होता. त्या सोयीचं मला मोल आहे. पण अण्णांना धर्मादाय नको आहे. ते पेन्शनर आहेत, पैसे मोजून ऐकू इच्छितात, आणि पैसे मोजणाऱ्याला मिळावं तेवढं नीटनेटकं काम त्यांना हवं आहे.

निवडीबद्दलही माझं मत आहे. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. अनेक कथांत बाई येते ती चहा घेऊन आणि प्रश्न विचारायला, म्हणजे नवऱ्याला उत्तर देता येतं. वाचताना मलाच अवघडल्यासारखं होतं. अशा कथा मागे राहिल्या तरी चालतील. शुभदा गोगट्यांची 'यंत्रायणी' मात्र पुढे आणा. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाईन' कथा, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके, आणि आज लिहिणाऱ्या मेघश्री दळवी, यांचं जे जे नीट वाचून देता येईल ते द्या. नारळीकरांची 'वामन परत न आला' १९८६ची. आपल्यासारखेच आणखी निर्माण करू पाहणारा यंत्रमानव तिच्यात आहे. आज प्रत्येक चहाच्या टपरीवर कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आहे, तेव्हा ती कादंबरी विशीतल्या पोरांच्या कानापर्यंत पोचायला हवी. जी पुस्तकं ध्वनिरूपात आधीच आली आहेत ती एकदा पुन्हा ऐका, आणि चुकलेली वाक्यं दुरुस्त करा. छापील पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढावी लागते, तुम्हाला तर नुसता तेवढा तुकडा बदलायचा आहे.

कामाचं म्हणाल तर मागणं फार मोठं नाही. ध्वनिमुद्रणाआधी मजकूर एखाद्या विज्ञानशिक्षकाकडे द्या. घात, दशांशचिन्हं, रासायनिक सूत्रं, परदेशी नावं हे सगळं उच्चारायचं कसं ते त्यांच्याकडून समासात लिहून घ्या. प्रत्येक तालुक्यात असे निवृत्त शिक्षक बसून आहेत, आनंदानं करतील. वाचणाऱ्यानं आधी सबंध पुस्तक वाचलेलं असावं. काही गाळलं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. आणि तुमचं अ‍ॅप एकदा डोळे मिटून वापरून पाहा. अण्णांच्या मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवर असेल ते बोलून सांगणारी सोय, चालू असतं. बोट फिरवलं की ते एका ठिकाणी म्हणतं, "बटन. बटन. बटन." कुठलं बटन मागे नेतं, कुठलं थांबवतं, काही नाही. ऐकायची पुस्तकं ज्यांना सर्वांत जास्त लागतात त्यांनाच ती कुणीतरी लावून द्यावी लागतात.

सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली. लहानपणी आमच्या घरी संध्याकाळी रेडिओ लागायचा तेव्हा त्यातली माणसं आमच्यासारखंच बोलायची, आणि कृष्णाकाठचा 'ळ' त्यांच्या तोंडात होता. तसा आवाज आजही इथे आहे. हौशी नाटकांत कामं करणारी, कीर्तनं करणारी, शाळांत शिकवणारी माणसं आहेत. त्यांना बोलवा, मुंबईचं तिकीट काढून द्या नाहीतर इथेच एखादी खोली शांत करून घ्या.

सध्या रोज रात्री आम्ही नारळीकरांची 'व्हायरस' वाचतो आहोत, मीच वाचते. आकडे आले की अण्णा बोट वर करतात, मी थांबते, आणि ते मनात हिशेब करून "हं, बरोबर, चल पुढे" म्हणतात. कालच्या रात्री चौदा पानं झाली. उत्तर द्यायचं असेल तर लेखी न देता ध्वनिमुद्रित पाठवलंत तर बरं, म्हणजे त्यांना स्वतः ऐकता येईल.

आपली,
एक वाचक आणि तिचे वडील
गावभाग, सांगली